बी गटाची लेक

रक्तपेढीत त्याला सगळे पक्केराव म्हणत, कारण रिपोर्टवर सही करण्याआधी तो स्वतःलाच मोठ्याने विचारायचा, "पक्कं?" आणि उत्तरही स्वतःच द्यायचा. नवी माणसं हसायची. हसोत बापडी. एकतीस वर्षांत त्याच्या टेबलावरून चुकीच्या गटाची एक पिशवी बाहेर गेली नव्हती.

घरच्यांची मात्र त्याने एकच तपासणी केली होती, आणि नेमकी ती कच्ची राहिली.

लेक तीन महिन्यांची असताना, कामाचा जोर नव्हता अशा एका दुपारी, त्याने हौसेने तिघांचं रक्त पांढऱ्या टाइलवर तपासलं. तो स्वतः ओ. बायको ओ. लेक बी. त्याने टाइल धुतली, पुन्हा थेंब टाकले. पुन्हा तेच. ओ आणि ओ यांच्या पोटी बी येत नाही, हे त्या कामात पहिल्या महिन्यात शिकवतात. मनात पाल चुकचुकली ती कायमची. बायकोला त्याने काही म्हणजे काही विचारलं नाही. अहो, भांडला असता तर बरं झालं असतं, निदान त्या बाईला काय आरोप आहे ते तरी कळलं असतं! पण हा पडला सज्जन. लेकीची फी वेळेवर भरली, चष्मा करून आणला, ताप आला की डॉक्टरकडे नेलं. फक्त तिला कधी मांडीवर घेतलं नाही. ती धावत यायची तेव्हा याला नेमकं काहीतरी काम आठवायचं. पुढे पुढे तिने धावत येणं सोडलं.

लेक तेवीस वर्षांची झाली, दुसऱ्या गावी नकाशे काढायच्या कचेरीत लागली, आणि इकडे बायकोच्या पोटात गाठ निघाली. ऑपरेशन ठरलं, रक्त लागणार होतं. पक्केरावाने दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. फ्रिजमधून ओ ची पिशवी काढून तिच्यातल्या पेशी त्याने बायकोच्या सीरममध्ये, म्हणजे रक्तातल्या पाण्यात, घालून पाहिल्या. नळीत गुठळी झाली. दुसऱ्या पिशवीची गुठळी, तिसरीची गुठळी. सहा पिशव्या झाल्या तेव्हा तो स्टुलावर बसला. ओ ला ओ चं रक्त जुळायलाच हवं; म्हणजे बायको साधी ओ नव्हतीच. आपल्या हातून काय झालं आहे ते त्याला कुणी सांगायच्या आधीच कळलं होतं.

आता बघा, पेढीत तो नुसत्या टाइलवर कधीच भागवत नसे. सीरमही तपासायचं, तीन नळ्या लावायच्या, तिसरीत ओ च्या पेशी घालायच्या, हा शिरस्ता. ती तिसरी नळी नेहमी गुठळीवाचून स्वच्छ राहायची, पण त्याने ती कधी चुकवली नाही. हजारो परक्यांसाठी लावली. घरच्यांसाठी नाही लावली; लावली असती तर बायकोची हीच गुठळी तेवीस वर्षांपूर्वी दिसली असती. घरचंच तर आहे, असं वाटलं होतं त्याला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

लेक आईला रक्त द्यायला धावत आली, आणि पेढीच्या डॉक्टरीणबाईंनी तिला समजावलं की तिचं रक्त चालणार नाही. रक्ताचा गट एकच जीन ठरवत नाही, त्या म्हणाल्या. एक जीन भिंत बांधतो, दुसरा तिला ए नाही तर बी चा रंग देतो. आईकडे बी चा रंग आहे, पण भिंतीचा जीन तिला दोन्हीकडून बिघडलेला आला, म्हणून ती ओ दिसते, आणि भिंत असलेलं कुठलंच रक्त, अगदी ओ सुद्धा, तिला चालत नाही. "तुला रंग आईने दिला आणि भिंत बाबांनी," असं त्या कौतुकाने म्हणाल्या. पक्केराव दाराशी उभा होता. ज्या अक्षरापायी त्याने लेकीला परकं ठेवलं, ते दिसायला त्याचाच वाटा लागला होता. त्याला तिथे उभं राहवेना.

तसल्या दुर्मिळ रक्ताच्या दोन पिशव्या दूरच्या पेढीतून आल्या, ऑपरेशन नीट पार पडलं. चौथ्या दिवशी त्याने बायकोला सगळं सांगितलं. तिने भिंतीकडे तोंड फिरवलं.

"आधी तिला सांगा," ती म्हणाली. "माझं मी नंतर बघेन."

त्याने लेकीला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि काहीही न लपवता सांगितलं. सांगताना त्याला रडू आलं. लेक रडली नाही.

"मला वाटायचं, मी लहानपणी काहीतरी केलंय," ती म्हणाली. "काय केलं ते आठवत बसायचे मी."

तो घाईघाईने म्हणाला, की तुझं काही चुकलं नव्हतं, आता सगळं कळलंय, तू माझीच आहेस.

"आणि आईच्या नळीत गुठळी झाली नसती तर, बाबा?"

काहीतरी गोड उत्तर त्याच्या ओठांवर आलं होतं. ते त्याने गिळलं.

"तर मी तसाच राहिलो असतो," तो म्हणाला.

लेकीने मान हलवली. तेवीस वर्षांत तुम्ही मला पहिल्यांदा खरं काही सांगितलंत, म्हणाली, आणि उठून आईजवळ जाऊन बसली.