कागदात गुंडाळलेला मासा

लायब्ररी बंद झाली तेव्हा जपानी लोककथांचं एक पुस्तक माझ्याकडेच राहिलं. डच भाषेतलं. मी डच शिकले ती सुपरमार्केटमधल्या पाट्या आणि औषधांची खोकी वाचून, त्यामुळे देवादिकांपर्यंत पोचायला वेळ लागायचा. पण २०२०च्या त्या उन्हाळ्यात आर्नहेममध्ये माझ्याकडे वेळ सोडून होतंच काय?

रोज दुपारी एकला मी त्यातली एक गोष्ट आईला फोनवर सांगायची. तिकडे कऱ्हाडात साडेचार झालेले असायचे. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. मार्चमधलं ऑपरेशन लॉकडाउनमुळे लांबलं, वाचन सुटलं, कामवाल्या मावशींना सोसायटीत यायला बंदी. मध्यंतरी एकदा तिनं अंदाजानं गॅस पेटवला आणि मनगट भाजून घेतलं. हे तिनं नाही सांगितलं, समोरच्या हरिहरकाकांनी सांगितलं.

मला तिच्याकडे जायचं होतं. नेहमीची विमानं बंद होती. वकिलातीकडे नाव नोंदवलेल्यांनाच खास विमानात जागा मिळत होती. माझं नाव सुदर्शननं पहिल्याच दिवशी नोंदवलं होतं. आमच्याकडे सगळे फॉर्म नवराच भरतो. बारा वर्षांपूर्वी त्याच्या व्हिसाला लटकून मी इथे आले तेव्हापासून ही वाटणी ठरलेली: पासवर्ड त्याच्याकडे, डबे माझ्याकडे.

मी विचारलं की तो लॅपटॉपमधून मान वर न करता सांगायचा, पुढच्या यादीत येईल. मग त्याच्या पुढच्या. मग म्हणाला, आधी म्हाताऱ्यांना आणि गरोदर बायकांना पाठवतायत, तू कुठे त्यात बसतेस? तेही पटलं. पन्नाशीला टेकलेली बाई कुठल्याच यादीत चटकन बसत नाही.

त्या दिवशीची गोष्ट डोंगराच्या देवीची होती. आमच्या आर्नहेमजवळ शंभरेक मीटरची टेकडी आहे, लोक तिलाच डोंगर म्हणतात आणि वर जाऊन पॅनकेक खातात. त्यामुळे डोंगर मी सह्याद्रीतला घेतला, देवी जपानी ठेवली.

देवी जबरदस्त. शिकार, लाकूड, झऱ्यांचं पाणी, सगळं तिच्या हातात. पण दिसायला ओबडधोबड, आणि ते तिच्या मनाला फार लागलेलं. म्हणून तिला ओकोझे नावाचा काटेरी मासा बघायला आवडतो, कारण तो तिच्याहूनही कुरूप. तो दिसला की बाईचा जीव थंड होतो. शिकाऱ्याला हे ठाऊक. तो मासा कागदात गुंडाळून सदऱ्यात ठेवतो आणि डोंगरावर जाऊन म्हणतो, देवी, आज रानडुक्कर दे, मग मासा दाखवतो. डुक्कर मिळतं. मासा काही तो दाखवत नाही. वर आणखी एक कागद गुंडाळतो आणि उद्याचा वायदा करतो. अशी वर्षं जातात, कागदांचं गाठोडं होतं, आणि देवी देतच राहते.

आई चहाचा घोट घेऊन म्हणाली, "एवढी डोंगराची मालकीण, आणि तिला स्वतः कागद सोडून बघता येईना?"

"विश्वास असेल गं तिचा."

"विश्वास कसला. सवय."

फोन ठेवून मी भांडी घासली. घासलेलीच पुन्हा घासली. मग वकिलातीला फोन लावला. चाळीस मिनिटं सतार ऐकल्यावर एक मुलगी बोलायला आली. तिनं पासपोर्टचा नंबर विचारला, मग नाव, मग जन्मतारीख. नवऱ्याच्या नावावर असेल म्हणून तेही बघितलं. फार गोड बोलत होती. म्हणाली, तुमची नोंदच नाही, मॅडम. पण आत्ता केलीत तरी चालेल, पहिल्या दिवसांत नोंदवलेले बहुतेक सगळे केव्हाच पोचले.

सुदर्शन बेडरूममध्ये मीटिंगमध्ये होता. वर इस्त्रीचा शर्ट, खाली पायजमा. ती मीटिंग संपेपर्यंत मी दाराबाहेर उभी राहिले. एवढं कळूनसुद्धा उभी राहिले, याचा राग मला अजून येतो.

विचारल्यावर तो खोटं बोलला नाही. हेडफोन काढून गादीवर ठेवला. गेलीस तर परत कधी येशील कुणास ठाऊक, म्हणाला. सहा महिने, वर्ष. सीमा बंद. इथे मला काही झालं तर दार कोण उघडणार? बोलता बोलता त्याचा आवाज बारीक झाला.

"मला भीती वाटत होती, शर्मिला."

"मग तसं सांगायचंस. कदाचित मी थांबले असते."

त्यानं वर बघितलं. "खरंच थांबली असतीस?"

त्याच्या चेहऱ्यावर आशा होती. तीच मला सोसली नाही.

"आता ते कळायची सोय राहिली नाही," मी म्हटलं.

जेवणाच्या टेबलावर मी लॅपटॉप उघडला आणि फॉर्म शोधला. नाव, पत्ता, जाण्याचं कारण. तो मागे येऊन उभा राहिला. पासपोर्ट नंबरच्या रकान्याशी मी अडले, तर हळूच तो नंबर सांगायला लागला. तोंडपाठ. बारा वर्षं माझे फॉर्म भरलेला माणूस. एरवी मी त्यावर विरघळले असते.

त्याला थांब म्हटलं. कपाटातून पासपोर्ट आणला, पान उघडलं आणि एकेका आकड्याखाली बोट ठेवून नंबर टाकला. त्याचा एकही आकडा चुकला नव्हता. तरी मी शेवटपर्यंत बघूनच टाकला.