टाचणी नसलेली पाणथळ

मी नकाशा. सध्या एका कपाटामागे गुंडाळून उभा आहे, त्यामुळे आवाज जरा कोंडल्यासारखा येईल. सांभाळून घ्या.

माझा जन्म सरकारी छापखान्यातला. पाठीला कापड चिकटवलं, वरखाली लाकडी दांडे बसवले आणि तिसऱ्या मजल्यावरच्या बैठकीच्या खोलीत मला टांगलं. तिथं समन्वयक बाईंचं राज्य. देशातली रानं, पाणी, जीवजंतू राखायला पाच परदेशी संस्था मदत देत होत्या. ती सगळी एकाच जागी सांडू नये, आणि शेती, रस्ते, मासेमारी अशा प्रत्येक खात्याच्या धोरणात निसर्गाचा विचार व्हावा, हे बघणं बाईंचं काम. पाच संस्थांची पाच तोंडं पाच दिशांना. बाईंच्या अगदी नाकी नऊ येत.

शेवटी त्यांनी नियम केला. प्रत्येक संस्थेला एक रंग, आणि जिचं काम जिथं, तिथं तिनंच माझ्यावर टाचणी टोचायची. नियम चांगला होता. पण मोठ्या तलावाजवळ विश्रामगृह छान, पक्षीही फोटोसाठी हजर. सगळ्यांच्या टाचण्या तिथंच. तेवढ्या जागेत माझी पार चाळण झाली. दक्षिणेच्या कोपऱ्यातल्या एका छोट्या पाणथळीकडे मात्र कुणी फिरकलं नाही.

त्या पाणथळीच्या काठावर बाईंचे वडील राहत. निवृत्त मास्तर. रोज सकाळी पक्षी मोजून वहीत मांडायचे आणि फोनवर लेकीला विचारायचे, आमचा नंबर कधी? बाई हसून विषय बदलायच्या. त्यांना धास्ती एकच. स्वतः टाचणी लावली तर लोक म्हणणार, माहेरचं पाणी आधी राखलं. म्हणून बैठकीत त्या आडून आडून विचारायच्या, दक्षिणेकडे कुणी बघतंय का? प्रत्येकाला वाटायचं, दुसरं कुणीतरी बघत असेल.

मग धोरणाचा मसुदा पक्का करायची वेळ आली. जपायच्या जागांची यादी माझ्याकडे बघूनच होत होती. रस्ते खात्याच्या इंजिनिअरनं पाणथळीवर बोट ठेवलं.

"इथं काही नाही ना?"

"टाचणी नाही, म्हणजे नाही," कारकून म्हणाला.

बाई समोरच होत्या. मला वाटलं, आता बोलतील. त्या म्हणाल्या, "संस्थांना विचारून कळवते."

पाच पत्रं गेली. पाच उत्तरं आली, फार नम्र. ही जागा आमच्याकडे नाही, दुसऱ्यांकडे असावी. तोवर मसुद्यावर सही होऊन गेली होती.

धोरण खरंच चांगलं झालं. यादीतल्या जागेला आता कुठलंही खातं सहजासहजी हात लावू शकत नाही. ती पाणथळ यादीत नव्हती. तिच्यात भराव पडला आणि वरून रस्ता गेला.

त्यानंतर मास्तर एकदा खोलीत आले. बाईंनी खुर्ची ओढली, ते बसले नाहीत. भांडलेही नाहीत. चष्मा पुसून माझ्यासमोर उभे राहिले आणि कोपऱ्यात बोटानं शोधू लागले. बारीक निळ्या रेघा सापडल्या.

"आहे की गं इथं," ते म्हणाले. "मला वाटलं, तुमच्या नकाशात नसेलच."

बाईंनी रिकामी खुर्ची परत जागेवर सरकवली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता तिथं नवा नकाशा लागलाय. त्यात त्या कोपऱ्यात रस्ता आहे. तुमच्याही भिंतीवर माझ्यासारखा कुणी असेल, तर टाचण्या मोजून थांबू नका, खालचा कागदही वाचा. आणि ते मास्तर कधी भेटले, तर त्यांना एवढंच सांगा, मी त्यांची पाणथळ लपवली नव्हती.