उखर्डू निंब

करवतीचा आवाज कानावर आला आणि भिकननानांच्या हातातली पाण्याची नळी तिथंच सुटली. नाना या निवासी कॉलेजचे माळी. आवाज मुलींच्या वसतिगृहाकडून येत होता. म्हणजे तो उखर्डू निंबच!

चूक त्यांचीच होती, हे आधी सांगून टाकलेलं बरं. पार्किंगसाठी आवारातलं एक झाड जायचं होतं. त्यातल्या त्यात बिनकामाचं कोणतं, असं इंजिनिअर संयम जैन परवा नानांना विचारत फिरत होते. निंबापाशी आले आणि म्हणाले, काय डेरेदार झाड आहे! झालं. सवयीनं नाना बोलून गेले, "हाई? हाई तर उखर्डू शे साहेब, काही कामनं नही." साहेबांनी तेच लिहून घेतलं.

धुळ्याबाहेरचा हा सगळा माळ मुरमाड. एकतीस वर्षांपूर्वी लावलेली पहिली रोपं उन्हाळ्यात पटापट गेली, एवढा एक निंब तगला. मुलं जगत नसली की नव्याला उकिरड्यावर ठेवून उचलायचं आणि उखर्डू म्हणायचं, ही इकडची दृष्ट टाळायची जुनी रीत; निंबालाही नानांनी तेच नाव ठेवलं. नाना स्वतः मागून आणलेल्या चिंध्यांत वाढले, म्हणून भिकन. पोराचं नाव मात्र त्यांनी हौसेनं राजेंद्र ठेवलं, चारचौघांत त्याचं कौतुक केलं. ते चौथ्या वर्षी तापानं गेलं. दृष्टच लागली, असं नाना आजही म्हणतात. निंबाला त्यांनी कधी चांगलं म्हटलं नाही. किती मुली त्याच्या सावलीत अभ्यास करून, रुसून, रडून गेल्या! जाताना त्याच्यासोबत फोटो काढायच्या, आणि नाना लांबून झाडाला शिव्या घालायचे.

धापा टाकत ते पोचले, तेव्हा करवत खोडात बोटभर शिरली होती. नाना मधे जाऊन उभे राहिले. साहेब वैतागले, तुम्हीच तर सांगितलं म्हणाले. नाना डोळे मिटून बोलले.

"बठ्ठा झाडस्मा हाईच चांगलं शे, साहेब. मन्हं शे."

सगळ्या झाडांत चांगलं, आणि वर माझं! साहेबांनी करवत थांबवायला लावली, पार्किंग पलीकडे सरकवू म्हणाले. खोडावरची खाच तेवढी वाईट दिसते, भरून वरून रंग मारून घेऊ, असंही म्हणाले.

"नको साहेब," नाना घाईनं म्हणाले. "एवढं व्यंग राहू द्या त्याच्या अंगावर."