पेज ढवळणारा योसेफ

मी गिलिस, अँटवर्पचा चित्रकार. गेल्या वर्षभरात दोन गुत्त्यांच्या पाट्या आणि एका बोटीचं सुकाणू रंगवलं, तेव्हा केवढा मोठा चित्रकार ते तुम्हीच समजून घ्या. अशा मला आमच्या चर्चसाठी येशूजन्माचं चित्र काढायला मिळालं, कारण बरे चित्रकार सगळे कामात होते.

मला त्यात वेगळीच संधी दिसली. मासळीबाजारातली हेरिंगवाली विधवा माख्टेल्ड मला कधीपासून आवडत होती. तिला लग्नाचं विचारायचं म्हणून जायचो आणि तोंड उघडलं की हेरिंग मागायचो. घरभर हेरिंगचा वास सुटला होता. शेवटी ठरवलं, चित्रातूनच विचारायचं. तिला मरिया म्हणून समोर बसवलं आणि मरियेचा नवरा योसेफ म्हणून काढलं स्वतःला. कुरळे केस, रुंद खांदे, सरळ नाक. यातलं माझ्याकडे काहीच नाही, पण ब्रश माझ्या हातात होता.

फादर लौरेस चित्र बघायला आले आणि त्यांनी कपाळाला हात लावला.

“अरे, हा योसेफ की नवरदेव? योसेफ म्हातारा हवा! मरिया कुमारी माता, शेजारी असा गडी बघून लोकांच्या मनात भलतंसलतं येईल. टक्कल दे, पोक दे. आणि तिच्याकडे टक लावून काय बघतोय? चुलीपाशी बसव, बाळाची पेज ढवळू दे त्याला.”

“पण फादर, चेहरा तरी...”

“चेहरा आरशात बघून काढ. तुझा अगदी फिट बसेल.”

काढला. टकलासकट, वाकड्या नाकासकट. इतकं हुबेहूब मी आयुष्यात काही काढलं नव्हतं. माख्टेल्ड आता आपल्याला हसणार, हे नक्की होतं.

नाताळात चित्र लागलं. बाजारातून टोपली घेऊन ती थेट चित्रासमोर येऊन उभी राहिली. मी खांबामागे लपलो, पण माझं पोट लपेना.

“या बाहेर, मास्तर,” ती म्हणाली. “आधी तो कुरळ्या केसांचा कोण काढला होतात? मला वाटलं, तुमचा कुणी भाचा असेल. त्याच्यासाठी मला मागणी घालताय की काय! नाही म्हणायची तयारी करून बसले होते मी.”

“भाचा नाही. मीच होतो तो.”

ती इतकं हसली की फादरनी वळून पाहिलं. मग डोळे पुसून तिने पुन्हा चित्राकडे बघितलं.

“पेज खरंच ढवळता येते?”

“येते. गुठळ्या होतात.”

“होऊ देत. आमच्या ह्यांना, देव त्यांच्या आत्म्याला शांती देवो, चूल कुठल्या भिंतीला आहे तेही माहीत नव्हतं. बरं, आता विचारा काय विचारायचं ते.”

सगळा धीर एकवटून मी म्हणालो, “दोन हेरिंग द्या.”

तिने टोपलीतल्या दोन काढून माझ्या हातात ठेवल्या.

“रविवारी पेज करा,” ती म्हणाली. “आपण दोघं खाऊ.”