कुंपणाची कोरांटी

माझ्या बायकोला, शांतम्माला, आम्ही मैंदर्गीत तिच्या माहेरच्या शेतात माती दिली. मी सोलापूरचा गिरणीकामगार, मला स्वतःची जमीन नाही. वर्षभरात त्या मातीवर कोरांटीचं झुडूप आलं. सासूबाई, गंगम्मा, म्हणाल्या, "माझी लेक उगवली."

ते बहात्तरच्या दुष्काळाचं साल. प्यायलाही पाणी पुरत नव्हतं. सासूबाई आपल्या वाटणीचं पाणी झुडपाला घालायच्या आणि स्वतः वाळत चालल्या होत्या. शेवटी माझा मेव्हणा निंगप्पा झुडूप उपटायला निघाला.

"कुंपणाला हाय तीच कोरांटी ही, अव्वा!"

"न्हाय. ती पिवळीजर्द, ही फिकी. काटं बी कमी. शांताच्या आंगाला कुटं काटं होतं?"

"जिभंला होतं की," निंगप्पा म्हणाला. हसला, आणि एकदम रडायलाच लागला.

मी म्हणालो, कॉलेजात झाडाझुडपांचं शिकवणाऱ्या मास्तरांना विचारतो, तोवर झुडपाला हात लावू नका. दोन्हीकडची एकेक फुललेली फांदी ओल्या फडक्यात बांधून सोलापूरला नेली. मास्तरांनी ही वेगळी म्हणावं, असं मलाही वाटत होतं.

त्यांनी भिंग लावून फुलं उकलली. "पानं समोरासमोर, बेचक्यात काटे. पाकळ्या चार वर, एक खाली. दोन केसर लांब, दोन आखूड. दोन्हीत सगळं तेच. जात एकच."

"पण ही फिकी हाय की, सर."

"पाणी मिळालं की काटे कमी येतात, रंगही बदलतो. त्यावरून जात ठरत नाही. याचं बोंड पिकलं की फुटून बी लांब उडतं. कुंपणातलंच पडलं असेल."

परत जाऊन मी तेच शेतात सांगितलं. सासूबाई रडतील असं वाटलं होतं. त्यांनी मान वळवून कुंपणाकडं बघितलं.

"दोनी येकच, म्हनला?"

"व्हय, अव्वा."

"बी हितनं तितं गेलं?"

"व्हय."

"म्हंजे लेक आदी कुंपणात आली, मग तितं गेली."

कळशी उचलून त्या कुंपणाकडं निघाल्या.

"झालं! आता अख्खं कुंपण उपटा, दाजी!" निंगप्पा ओरडला.

कुंपण पार ओढ्यापर्यंत गेलेलं. मी धावत जाऊन त्यांचं मनगट धरलं. नुसतं हाड हाताला लागलं.

"सोडा की, जावईबापू," त्या म्हणाल्या. "तान लागलीया तिला."

मी हात सोडला.