विमानाच्या खुर्चीतली पिन

मी पिन बोलतेय. बोटाएवढी, स्टीलची, मागे लांब लाल पट्टी. लढाऊ विमानाच्या खुर्चीत माझा मुक्काम. मी आत असले की खुर्ची चुकूनही उडत नाही. मला काढलं, तरच ती संकटात वैमानिकाला घेऊन बाहेर झेपावते. म्हणजे जमिनीवर मी हवीच आणि आकाशात नकोच. असल्या नोकरीत विश्वास कुणावर ठेवायचा? मी नाही ठेवत.

आमची अमेरिकन विंग, म्हणजे हवाई दलाची तुकडी, कोरियात आली ती लढाईसाठी. लढाई थांबली, तह काही झाला नाही, म्हणून विंगही राहिली. पंख्याची विमानं गेली, जेट आली. उत्तरेकडे कान लावून बसणं तेवढं तसंच आहे. भोंगा वाजला की तोंडातला घास तसाच ठेवून माणसं विषारी वायूपासून वाचवणारे मुखवटे चढवतात. त्यात नेमणूक बहुतेकांची वर्षाचीच. चेहरा ओळखीचा होतोय तोवर माणूस सामान बांधायला लागतो.

माझा धनी सार्जंट बूड्रो, विमानाची देखभाल करणारा चीफ. उड्डाणाआधी तो माझ्यासारख्या साऱ्या पिना काढायचा, जुडगा उंच धरून काचेतून आमच्या वैमानिक कॅप्टन हॅलिगनला दाखवायचा. तिनं लाल पट्ट्या मोजून अंगठा दाखवला की मगच त्याचा सलाम.

त्या दिवशी कॅप्टन हॅलिगनचं इथलं शेवटचं उड्डाण होतं. दोस्तमंडळी शिडीवर चढून हस्तांदोलन करत होती, फोटो काढत होती. त्या गडबडीत बूड्रो मला काढायलाच विसरला! माझी पट्टीही फटीत दडपली गेली. आणि कुण्या दोस्तानं गेटबाहेरच्या शिंप्याकडून तिच्या नावाची हुबेहूब लाल पट्टी शिवून आणली होती. उतरल्यावर गळ्यात घालू म्हणून ती हळूच जुडग्यात अडकवली.

बूड्रोनं जुडगा धरला. तिनं मोजलं. बरोबर! अंगठा वर.

मी तिच्या मांडीशी अडकून जिवाच्या आकांतानं ओरडत होते. पिनेचं कोण ऐकतं?

पण बूड्रोनं सलाम केला नाही. त्याची एक खोड होती. सलामाआधी तो प्रत्येक पट्टीचं टोक चिमटीत दाबून पाहायचा. एक टोक मऊ लागलं, तिथं पिनच नव्हती. त्यानं हातांची फुली करून इंजिन बंद करायला लावलं.

"चीफ, आज तरी संशय घरी ठेवून यायचा होता!" काच उघडताच ती वैतागून म्हणाली.

बूड्रो शिडी चढला, फटीत हात घातला आणि मला तिच्या डोळ्यांसमोर धरलं. तिच्या तोंडचं पाणी पळालं.

"चूक माझी, मॅडम," तो म्हणाला. "विमान माझं, तुम्हाला नुसतं वापरायला दिलंय, असं मी नेहमी म्हणतो ना? ते परत नाही आलं तरी एक वेळ चालेल. तुम्ही मात्र यायलाच हव्यात."

ती गेली आणि सुखरूप उतरली. तेव्हा मी पहिल्यांदा एका माणसावर विश्वास ठेवला. वर्ष संपलं, तोही गेला.

आता माझी पट्टी विटलीये, मी वाकलेय. मी भंगाराच्या डब्यात आहे. नवा चीफ काल म्हणाला, "पट्टी किल्लीला झकास दिसेल, पिन टाकून देऊ."

तुम्हाला हात जोडून सांगते, कुणाच्या किल्लीला लाल पट्टी दिसली तर कौतुक नंतर करा. आधी टोक चाचपा, आणि विचारा, हिची पिन कुठंय?