रेयनोचा जहाजावरचा फोटो

आयलीनं ट्रायपॉडचे तिन्ही पाय धक्क्याच्या फळ्यांवर नीट बसवले, कॅमेरा चढवला आणि खिशातल्या मऊ फडक्यानं लेन्सवरचं दव टिपलं. नदीवरचं धुकं विरत होतं. पलीकडच्या बेटावरची बर्चची झाडं पिवळी झाली होती.

"साडेनऊला वळणावर येईल," बाकावर बसलेली लोर्ना मोबाइलमधल्या जहाजांच्या नकाशात डोकं घालून म्हणाली. "वेग आहे तोच आहे. तुझा भाऊ उडी मारून पळालेला दिसत नाही."

"पळेल कसा? त्याला पोहता कुठं येतंय!"

दोघी हसल्या. शेजारणी, आणि गावाच्या हौशी फोटोग्राफर मंडळातल्या जुन्या सभासद. लोर्नाला बदकांचं वेड. शाळेची बस तीस वर्षं चालवून निवृत्त झालेल्या आयलीला मात्र एकाच गोष्टीचा ध्यास होता: 'हेनिंग' नावाचं, लोखंडाचं खनिज वाहणारं लांबलचक जहाज. अकरा वर्षांत तिनं त्याचे शेकडो फोटो काढले होते. बर्फातले, पावसातले, तांबड्या संध्याकाळचे. मंडळाच्या प्रदर्शनात दोनदा बक्षीसही मिळालं होतं. पण ज्याच्यासाठी कॅमेरा विकत घेतला, तो फोटो तिला मिळालाच नव्हता.

तिचा धाकटा भाऊ रेयनो त्या जहाजावर स्वयंपाकी होता. आधीची जहाजं धरून एकेचाळीस वर्षं त्यानं पाण्यावर काढली, आणि घरात त्याचा जहाजावरचा एकही फोटो नव्हता. लग्नातला होता, मासे धरतानाचा होता, सॉनाच्या वाफेतून लालबुंद होऊन बाहेर पडतानाचासुद्धा होता. जहाज गावासमोरून जायचं तेव्हा नेमकं त्याचं काहीतरी चुलीवर असायचं. एकदा स्वयंपाकघराच्या गोल खिडकीतून बटाटा धरलेला हात बाहेर आला होता. तेवढाच.

आज त्याची शेवटची फेरी. परवा फोनवर तो म्हणाला होता, "सूप करपलं तरी चालेल, पण या वेळी बाहेर उभा राहतो. पांढरा एप्रन घालून. ओळखशील ना?"

"बासष्ट वर्षं ओळखतेय तुला."

"मग मागच्या कठड्यावर बघ."

लोर्नानं थर्मासमधून कॉफी ओतली आणि वेलदोड्याच्या गोड पावाची जाड फोड आयलीच्या हातात दिली. आयलीनं ती तशीच बाकावर ठेवली. "हात तुपकट होतील."

"इतकी घाबरलेली तुला कधी पाहिली नव्हती."

"घाबरतेय कोण?" आयली म्हणाली आणि तिसऱ्यांदा लेन्स पुसली.

वळणावरच्या झाडांमागून आधी कप्तानाची पुढची केबिन दिसली, मग जहाजाचं तांबडं अंग एखादी भिंत सरकावी तसं पुढं येऊ लागलं. आयलीनं डोळा कॅमेऱ्याला लावला. पुढच्या भागाकडं तिनं बघितलंच नाही. लेन्स थेट मागच्या कठड्यावर नेली, आणि तिच्या तोंडून एकदम निघालं, "अरे देवा!"

"काय झालं? नाही का उभा?"

"एप्रन घालून नऊजण उभेत!"

लोर्ना उठून दुर्बीण शोधू लागली. कठड्यावर खरंच पांढऱ्या एप्रनांची रांग लागली होती. दाढीवाला इंजिनवाला, दोन तरुण खलाशी, एक उंच, एक ढेरपोट्या. कोणाच्या हातात डाव, कोणाच्या हातात झाकण. आयली एकेका चेहऱ्यावर लेन्स फिरवत होती. पहिला नाही. दुसरा नाही. टकला आहे, पण रेयनो नाही. नवव्यापर्यंत जाऊन ती परत पहिल्यावर आली.

"यात नाहीच आहे तो," ती म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "शेवटच्या दिवशीसुद्धा चुलीपाशीच बसला असेल, मेला."

तेवढ्यात भोंगा वाजला.

ओळखीच्या माणसांना जहाज सलामी देतं ती तीन लांब, दोन आखूड भोंग्यांची. कप्तान ती घड्याळ लावल्यासारखी मोजून द्यायचा. आजचा पहिला भोंगा मात्र सुरू झाला, मध्येच तुटला, पुन्हा सुरू झाला. दुसरा इतका लांबला की धक्क्यावरचे सीगल पक्षी उडाले. तिसऱ्यानंतर दोन आखूड आले, मग अजून एक, मग अजून एक, आणि मग पोराच्या हाती पिपाणी लागावी तसे येतच राहिले.

आयली गर्रकन वळली. पुढची केबिन तिच्या अगदी समोर आली होती. तिनं कॅमेरा फिरवला, बटण एकदा दाबलं, आणि कॅमेरा तसाच सोडून दिला.

"रेयनो!" ती ओरडली. "रेयनोऽऽ!" दोन्ही हात डोक्यावर नेऊन ती धक्क्याच्या टोकाकडं धावत सुटली.

"अगं, फोटो! आयली, फोटो काढ ना!"

आयलीला ऐकू गेलं नाही. बहात्तराव्या वर्षी ती जहाजाच्या बरोबरीनं धावत होती, तिची टोपी मागं पडली होती, आणि भोंगा थांबायचं नाव घेत नव्हता. धक्का संपला तशी ती थांबली. मागचा कठडा समोरून जाताना नऊच्या नऊ एप्रनवाले एका सुरात ओरडले, "आयलीऽऽ!" आणि डाव झाकणांवर बडवले.

जहाज पुढच्या वळणाआड गेल्यावर ती धापा टाकत बाकावर येऊन बसली. हसता हसता डोळे पुसत होती. आता तिनं पाव खाल्ला, कॉफी प्यायली, आणि लोर्नाचीही अर्धी फोड खाल्ली.

थोड्या वेळानं फोन आला.

"किती वाजवले मी?" रेयनो विचारत होता.

"मोजतंय कोण!"

"कप्तान म्हणाला, आजची सलामी तू दे. म्हणून वर गेलो. खाली सगळ्यांना एप्रन वाटून गेलो, तुझी गंमत करायला. रागावलीस?"

"भेट तर खरा, मग सांगते."

"फोटो आला का?"

आयलीनं कॅमेऱ्याचा पडदा उघडला. आजचा एकच फोटो होता, तोही तिरका. केबिनच्या सगळ्या काचांवर सकाळचं ऊन पडलं होतं. काचा नुसत्या पांढऱ्याशुभ्र.

"आलाय," ती म्हणाली.

"मी दिसतोय?"

"दिसतोयस की."

"कसा? मला रडू फुटत होतं गं, म्हणून मुद्दाम हसत होतो."

"या कानापासून त्या कानापर्यंत हसतोयस."

"मग मोठा करून घे. भिंतीवर लावू."

"करायला टाकते आजच. बुधवारी जेवायलाच ये, आणि स्वयंपाक मी करणार."

तिनं फोन ठेवला. लोर्ना तिच्या खांद्यावरून वाकून पडद्याकडं बघत होती.

"आयली, यात तर कोणीच नाही."

"आहे."

"बुधवारी तो बघेल तेव्हा काय सांगशील?"

"मी कशाला सांगू?" आयली लेन्सला टोपण लावत म्हणाली. "त्यालाच विचारीन, कोणत्या काचेमागं होतास म्हणून."